सीडी प्लेअर: स्वस्त-महाग वादाची पार्श्वभूमी

महागडा सीडी प्लेअर घेतला की आवाज खरंच सुधारतो का, हा वाद सीडीइतकाच जुना आहे. १९८४ साली याचं जे उत्तर बरोबर होतं, ते १९९४ साली बरोबर राहिलं नव्हतं. म्हणून थोडा इतिहास पाहायला हवा.

सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. किंमत १ लाख ६८ हजार येन. त्या वेळी 'स्वस्त प्लेअर' ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. आपल्याकडे तर कॅसेटचंच राज्य होतं आणि ते पुढेही बरीच वर्षं टिकलं. पण सोनी आणि फिलिप्स यांच्या त्या पहिल्या पिढीतल्या दोन यंत्रांतच पुढच्या सगळ्या वादाचं मूळ आहे.

सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. त्यातून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नीट मिळतो, पण आकड्यांचा पुन्हा आवाज करताना २४,००० हर्ट्झच्या आसपासपासून वर त्याच्या नको असलेल्या सावल्या उमटतात. त्या गाळायच्या म्हणजे या एवढ्याशा फटीत फिल्टरने कड्यासारखं खाली कोसळायला हवं. सोनीने असा कडक अ‍ॅनालॉग फिल्टर बसवला. वरच्या पट्टीतल्या स्वरांची फेज, म्हणजे लहरींची वेळेतली जुळणी, त्याने विसकटते. सुरुवातीच्या सीडींवर 'आवाज काचेसारखा टोचतो' अशी तक्रार होती, तिचा थोडा दोष या फिल्टरकडे जातो. माझ्या मते मोठा दोष मात्र एलपीसाठी तयार केलेल्या मास्टर टेपवरूनच सीडी काढल्या गेल्या, याचा होता.

फिलिप्सची वाट वेगळी होती. सीडीसाठी १४ बिट पुरेत, असं फिलिप्सचं आधी म्हणणं होतं. सोनीच्या आग्रहाने १६ ठरले, तेव्हा फिलिप्सच्या हातात टीडीए १५४० हा १४ बिटांचाच डॅक होता, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप. त्यांच्या अभियंत्यांनी मग डिजिटल फिल्टरने नमुन्यांचा वेग चौपट, म्हणजे १,७६,४०० केला आणि गणितातली चूक ऐकू येणाऱ्या पट्टीच्या बाहेर ढकलली. सावल्या खूप वर गेल्या, सौम्य फिल्टर पुरला, आणि १४ बिटांतून जवळपास १६ बिटांचं काम निघालं. ध्वनियंत्रांच्या इतिहासातली ही मला सर्वांत देखणी युक्ती वाटते.

'हाय-एंड', म्हणजे खास शौकिनांसाठीच्या महाग सीडी प्लेअरचा जन्मही इथलाच. ब्रिटनच्या मेरिडियन कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यात फिलिप्सचंच यंत्र घेऊन त्यातली इलेक्ट्रॉनिक बाजू सुधारली आणि आपल्या नावाने विकलं. फिलिप्सची पुढची १६ बिटांची चिप टीडीए १५४१. तिच्या सुधारित आवृत्तीतले चाचणीत सर्वांत सरस ठरलेले नग वेगळे काढून त्यांवर मुकुटाचा शिक्का मारला जाई, आणि ते महाग प्लेअरमध्ये जात. या निवडीला अर्थ होता. १६ बिटांच्या अशा डॅकमध्ये प्रत्येक बिटाला वेगळा वीजप्रवाह असतो; त्यातला सर्वांत मोठ्या बिटाचा प्रवाह जरा चुकला, तरी सगळा परिणाम हळू आवाजावर होतो. विरत जाणारा तानपुरा, मैफलीच्या खोलीची आस, तिथे ती चूक खरखरते. त्या काळात जास्त पैसे मोजणाऱ्याला खरोखर काहीतरी मिळत होतं.

ही दरी भरून काढली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एक-बिट डॅकने. फिलिप्सचं 'बिटस्ट्रीम' आणि जपानी 'मॅश' यांत सोळा प्रवाह अचूक जुळवण्याची कटकटच नाही. एकच स्विच अफाट वेगाने चालू-बंद होतो. नेमकेपणा महाग जुळणीतून निघून स्वस्त सिलिकॉनमध्ये गेला, आणि साध्या प्लेअरचीही हळू आवाजातली विकृती झपाट्याने कमी झाली.

महाग यंत्रांनी मग दुसरीकडे लक्ष वळवलं: डिस्क फिरवणारा ट्रान्सपोर्ट एका पेटीत, डॅक दुसऱ्या पेटीत, नमुन्यांची लय धरणाऱ्या आतल्या घड्याळाचा ठोका अधिक स्थिर, वजनदार ट्रान्सफॉर्मर. गंमत अशी की दोन पेट्यांमधल्या केबलमुळेच घड्याळाच्या ठोक्यातली डळमळ, म्हणजे जिटर, वाढू शकते. आधी एकाच पेटीत नीट चाललेलं काम तोडून मग ते पुन्हा जुळवण्यासाठी पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही.

२००७ साली मेयर आणि मोरन या ध्वनी-अभ्यासकांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या सीडीपेक्षा जास्त तपशील साठवणाऱ्या डिस्कचा आवाज मध्येच सीडीच्या १६ बिटांतून नेला, तर ऐकणाऱ्याला कळतं का, हे त्यांनी पाहिलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. २०१० मध्ये लेक्सिकॉन कंपनीचा ३,५०० डॉलरचा ब्लू-रे प्लेअर उघडला गेला, तर आत सुमारे ५०० डॉलरचा ओप्पो बीडीपी-८३ जवळजवळ जसाच्या तसा निघाला.

घरी दोन प्लेअर ताडून पाहताना बहुतेकांची फसगत आवाजाच्या पातळीत होते. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट धरलेलं असतं, पण प्रत्यक्षात कुणी थोडं जास्त देतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला 'अधिक मोकळा, अधिक सखोल' वाटतो. व्होल्टमीटर लावून दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवली आणि कोणता प्लेअर चालू आहे हे लपवलं, तरच त्या तुलनेवर विसंबता येतं.