मंत्राचा निवाडा कोणी करायचा: गेम मास्टरच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

पांडवलेण्यांतलं तीन नंबरचं लेणं, म्हणजे गौतमी बलश्रीचा शिलालेख असलेलं, जादूच्या रोलप्लेइंग गेमसाठी (खेळाडू एकेक पात्र होऊन खेळतात, गेम मास्टर खेळ चालवतो आणि निवाडा देतो) आयता नकाशा आहे. मंडप सुमारे ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल, तीन बाजूंना मिळून १८ खोल्या, बाहेर पडायला फक्त व्हरांडा. इथे जादूगाराने ‘फायरबॉल’ टाकला तर कोण भाजेल?

ते कोणतं पुस्तक उघडलंय यावर ठरतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच गेमच्या १९७८च्या खेळाडू-पुस्तकात हा स्फोट सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापतो आणि जागेच्या आकाराप्रमाणे पसरतो. छत दहा फूट धरलं तर मंडप १९,००० घनफुटांच्या आतच भरतो. उरलेली आग खोल्यांत आणि व्हरांड्यात शिरते, म्हणजे टाकणाऱ्याच्याच अंगावर. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत आग कोपऱ्यावरून वळते, पण २० फूट त्रिज्येपलीकडे जात नाही. मंत्र मागच्या भिंतीशी फोडला तर व्हरांड्यातले सगळे सुखरूप.

निवाडा पुस्तकाने करायचा की माणसाने, हा वाद जादूच्या खेळांपेक्षा जुना आहे. १८२४मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झचा युद्धखेळ आला. त्यात फासे आणि तक्ते होते, शिवाय एक पंचही. तक्ते चाळण्यात वेळ फार जातो म्हणून १८७६मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवून सगळा निवाडा अनुभवी पंचावर सोपवला. १९६९मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेसली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक पात्र दिलं. त्यांच्याच गटातले डेव्ह आर्नेसन आणि ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमांचे सहलेखक गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढलं. पहिली छपाई १,००० प्रतींची, पेटीत तीन बारीक पुस्तिका. जादूगाराने मंत्र आधी निवडून ठेवायचा आणि म्हटला की तो डोक्यातून पुसला जायचा, ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या १९५०च्या कथांतून उचललेली.

त्या पुस्तिकांत मंत्राचं वर्णन दोन-चार ओळींचं. बाकीचं पंचाने, म्हणजे गेम मास्टरने, बघून घ्यायचं, त्यामुळे गावोगावी वेगळे नियम झाले आणि स्पर्धा घेणं कठीण होऊन बसलं. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’चा जाडजूडपणा बराचसा यातून आला. तक्त्यांचा त्यात इतका भरणा आहे की सलग वाचायला बसणाऱ्याची दया यावी. संदर्भ म्हणून मात्र ते अजून कामाला येतं.

खरी नवी वाट १९८७च्या ‘आर्स मॅजिका’ या गेमने काढली. पाच क्रिया (निर्माण, ज्ञान, बदल, नाश, नियंत्रण) आणि दहा विषय, अशा ५० जोड्या. खेळाडू जोडी सांगतो. मास्टर मूळ पातळी बघतो आणि अंतर, कालावधी, लक्ष्य यांप्रमाणे ती वाढवतो. म्हणजे पुस्तक मंत्रांच्या यादीसोबत किंमत काढायची रीतही देतं. १९९३च्या ‘मेज: द असेन्शन’मध्ये तर साक्षीदारांवर किंमत ठरते: सामान्य माणसांसमोर उघड चमत्कार केला की ‘पॅरडॉक्स’, म्हणजे वास्तवाचा तडाखा, जादूगारावर उलटतो. इथे नवे मास्टर हमखास अडकतात. कोणती जादू योगायोग म्हणून खपेल हे पहिल्याच बैठकीत चार-पाच उदाहरणांनी ठरवलं नाही, तर प्रत्येक मंत्रावर अर्धा तास वकिली चालते.

मराठीत मार्गदर्शक लिहायचा तर जानेवारी २०२३ पासून रस्ता मोकळा आहे. पाचव्या आवृत्तीचा ५.१ हा सुमारे ४०० पानी नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आला. श्रेय दिलं की भाषांतर छापता, विकताही येतं. पण बिहोल्डर, माइंड फ्लेयर या राक्षसांची आकडेवारी त्यात नाही. ती मूळ पुस्तकातून उतरवायची नाही. फुटांचे मीटर करू नयेत: खेळाच्या नकाशावरच्या चौकटी पाच फुटांच्या असतात, त्यामुळे २० फूट म्हणजे सरळ चार चौकटी आणि मीटरमध्ये ६.१ची कटकट. प्रत्येक मंत्राखाली चार गोष्टी याच क्रमाने द्याव्यात: पल्ला, व्याप, कालावधी, बचावाचा फासा. लेण्यासारख्या बंद जागेत मंत्र भिंतीपाशी थांबतो की वळतो, हे पाचव्या ओळीत.