बर्फावर चालून गेलेली दहा फुटी मिनी

आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून मोनॅकोला पोहोचणाऱ्या मोंटे कार्लो रॅलीत १९६४ मध्ये १०७१ सीसीची मिनी कूपर एस पहिली आली आणि ४.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन असलेली फोर्ड फाल्कन दुसरी. चिमुकल्या गाडीने धिप्पाड गाडीला लोळवलं, असं हे सहसा सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. त्या काळी या रॅलीत इंजिनाच्या आकारानुसार वेळेला गुणक लावत. निव्वळ घड्याळ पाहिलं, तर घाटातल्या शर्यती-टप्प्यांवर बो युंगफेल्टची फाल्कनच जास्त वेगवान होती. मात्र तिच्या काही पटींनी लहान इंजिन घेऊन बेलफास्टचा पॅडी हॉपकर्क तिच्या इतक्या जवळ राहिला कसा, हा प्रश्न गुणकाने सुटत नाही. त्याचं उत्तर गाडीच्या रचनेत आहे.

ही रचना शर्यतीसाठी झालीच नव्हती. १९५६ मध्ये सुएझचा पेच उद्भवला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिसला कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी करायला सांगितलं. लांबी जेमतेम दहा फूट, तरी चार माणसं आणि सामान मावलं पाहिजे. मग त्याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली ऑइलच्या टाकीतच घातला, चाकं अवघ्या दहा इंचांची घेतली आणि ती चारही कोपऱ्यांत ढकलली. स्प्रिंगांच्या जागी ॲलेक्स मोल्टनने केलेले रबराचे शंकू आले. १९५९ च्या ऑगस्टमध्ये गाडी बाजारात आली. इंजिन ८४८ सीसी, ताकद ३४ अश्वशक्ती.

जागा वाचवण्याच्या या खटाटोपातून बर्फावरची पकड आयतीच मिळाली. टायर किती जोर जमिनीला देऊ शकतो, हे घर्षणांक आणि त्या टायरवरचा भार यांवर ठरतं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ च्या आसपास असतो, घट्ट दाबलेल्या बर्फावर तो ०.२ पर्यंत घसरतो. म्हणजे इंजिन कितीही दांडगं असलं, तरी बर्फावर त्यातली बरीचशी ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यातच जाते. चिखलात रुतलेला टेम्पो काढताना मागच्या हौद्यात चार माणसं उभी करतात, ते याचसाठी. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, आणि गाडी ओढतात तीही पुढचीच चाकं. निम्म्याहून बराच जास्त भार कायम त्यांच्यावर. चढावर थोडा भार मागे सरकतो आणि हा फायदा घटतो. उतारावर आणि वळणांवर मात्र मिनी वसुली करायची.

पुढच्या चाकांना एकाच वेळी वळवायचं आणि फिरवायचं, हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. दोन दांड्या कोनात जोडणाऱ्या साध्या युनिव्हर्सल जॉइंटमधून वाकलेल्या अवस्थेत गती नेली, तर एका फेऱ्यात चाक दोनदा जलद आणि दोनदा मंद होतं. कोन ३० अंशांचा असेल, तर हा फरक साधारण १३ टक्के खाली आणि १५ टक्के वर. स्टिअरिंग हातात थडथडणारच. मिनीत त्याऐवजी पोलादी गोळ्यांचा समगती जॉइंट वापरला. वाटीतल्या खाचांत बसलेल्या या गोळ्या दोन्ही दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, त्यामुळे आत जितकी गती तितकीच बाहेर. लोक मिनीची चाकं आणि आडवं इंजिन वाखाणतात. मला विचाराल तर खरी करामत या मूठभर जॉइंटची.

गाडीतला हा गुण फॉर्म्युला वनच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरने हेरला. १९६१ मध्ये ९९७ सीसीची, पुढे डिस्क ब्रेक असलेली मिनी कूपर आली. पुढच्याच वर्षी पॅट मॉसने ती घेऊन हॉलंडची ट्यूलिप रॅली जिंकली.

तरी एक अडचण होतीच. वळणात ॲक्सिलरेटर दाबला, की पुढच्या टायरची पकड ओढण्यात खर्च होते, वळायला पुरत नाही आणि नाक बाहेर जातं. टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन या फिनिश चालकांकडे यावर तोड होती. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक दाबायचा. पुढच्या चाकांना इंजिन फिरवत ठेवतं, म्हणून ती अडकत नाहीत. मागची हलकी चाकं मात्र ब्रेकने धरली जातात, घसरतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाऊन नाक वळणात शिरतं.

१९६५ ची रॅली भयंकर हिमवादळात झाली. २३७ गाड्या निघाल्या, मोनॅकोला पोहोचल्या ३५. एकही दंडगुण न घेता आला तो मॅकिनेन. मिनीचा खरा विजय मी हाच मानतो.

१९६६ मध्ये मॅकिनेन, आल्टोनेन, हॉपकर्क असे तिघेही पहिल्या तीन जागांवर आले आणि तिघेही बाद झाले. कारण हेडलाइटचे बल्ब! नवे क्वार्ट्झ-आयोडीन बल्ब प्रखर होते. तारेतून उडालेल्या टंगस्टनला आयोडीन पकडतं आणि परत तारेवर आणून सोडतं, म्हणून काच काळी पडत नाही आणि तार जास्त तापवता येते. पण या बल्बांत तार एकच होती. प्रकाश खाली वळवायला लागणारी दुसरी तार नाही, म्हणून नियमभंग. विजेतेपद सित्रोएन चालवणाऱ्या पाउली टोइवोनेनला दिलं गेलं. असल्या विजयाने तो मुळीच खूश नव्हता. बल्बाने वेग वाढत नाही, पण रात्रीच्या घाटात दिसण्यावरच वेग ठरतो, तेव्हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. शिक्षा मात्र अवाच्या सवा होती.

१९६७ ला आल्टोनेनने काही सेकंदांच्या फरकाने लान्सियाला मागे टाकून चषक परत आणला. पुढच्या वर्षी पोर्श ९११ पहिली आणि दुसरी आली, मिनी तिसरी. पोर्शचं इंजिन अगदी मागे, आणि ती चालतेही मागच्याच चाकांवर. म्हणजे भार पुन्हा ओढणाऱ्या चाकांवरच, फक्त ताकद मिनीच्या कितीतरी वर.