रीफर कंटेनर: थंड आणि फ्रोजन मालाची समुद्री वाहतूक

मांस, मासळी, फळं, भाजीपाला, चीज, आइस्क्रीम असा नाशवंत माल ठरलेल्या तापमानात ठेवून जहाजाने परदेशी पाठवायचा, ही रीफर वाहतूक. पूर्वी त्यासाठी पूर्ण जहाजच थंड असायचं, आता बहुतेक माल ४० फुटी हाय क्यूब (नेहमीपेक्षा उंच) रीफर कंटेनरमधून जातो, त्याच्या एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला कूलिंग युनिट, आणि हे युनिट जहाजावर, पोर्टवर नाहीतर ट्रेलरवर कुठे ना कुठे थ्री-फेज विजेला जोडलेलं असावं लागतं. साधारण मायनस ३० पासून प्लस ३० डिग्रीपर्यंत कुठलंही तापमान लावता येतं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या ट्यूनासाठी मायनस ६० वाले खास डबेही असतात, पण ते वेगळं प्रकरण.

नव्या माणसाचा हमखास गैरसमज म्हणजे रीफर हा एक मोठा फ्रीज आहे, माल भरा, प्लग लावा, तिकडे पोचेपर्यंत होईल गार. तसं अजिबात नसतं. रीफर माल थंड करायला बनवलेलाच नाही, आधीच थंड केलेला माल तसाच टिकवायला बनवलाय. मायनस १८ ला जायचा माल कोल्ड स्टोरेजमधून मायनस ८ वर असतानाच भरला, तर डिस्प्लेवर मायनस १८ दिसत राहील, पण तो हवेचा आकडा असतो, पॅलेटच्या मधल्या खोक्याला तिथवर उतरायला कित्येक दिवस जातात आणि तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून भरण्याआधी मालाच्या आत प्रोब (थर्मामीटरची सळई) खुपसून तापमान बघतात आणि लिहून ठेवतात. पुढे नुकसानभरपाईचा क्लेम झाला की हाच कागद कामाला येतो.

खरा खेळ हवेचा आहे. थंड हवा युनिटमधून खाली सुटते, जमिनीवरच्या ॲल्युमिनियमच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधल्या फटींतून दारापर्यंत जाते, मालातून वर चढते आणि छताखालून परत युनिटकडे येते. आतल्या भिंतीवर लाल रेघ मारलेली असते, तिच्या वर माल रचायचा नाही, नाहीतर हवेला परतीचा रस्ताच उरत नाही. दाराजवळ जमीन उघडी राहिली तर हवा सोपी वाट धरते, मालात न शिरता तिथूनच वर निघून जाते, म्हणून तेवढा भाग पुठ्ठ्याने झाकतात. दहा मिनिटांचं काम, पण घाईत राहतं.

फ्रोजन आणि चिल्ड (न गोठवता नुसत्या थंड ठेवलेल्या) मालाची रचना मात्र उलटी असते. फ्रोजन माल स्वतः उष्णता तयार करत नाही, भिंतींतून आत येणारी उष्णता काढली की झालं, त्यामुळे खोकी एकमेकांना घट्ट चिकटवून एकच ठोकळा करायचा आणि हवा त्याच्या भोवतीने फिरू द्यायची. फळं-भाज्या तोडल्यावरही श्वास घेत असतात, त्यातून उष्णता, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो, म्हणून तिथे हवा खोक्यांच्या आतून जावी लागते, खोक्यांची भोकं एकावर एक जुळली पाहिजेत. बाहेरची ताजी हवा घ्यायला व्हेंट असतो, फळांसाठी तो ठरलेल्या मापाने उघडतात, फ्रोजनला तो बंदच पाहिजे, नाहीतर दमट हवा आत येऊन कॉइलवर (युनिटमधल्या हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ साचतो.

तापमान जितकं कमी तितकं चांगलं असंही नाही. केळं १३-१४ डिग्रीवर जातं, त्याच्या बरंच खाली नेलं तर साल काळपट पडते आणि ते नीट पिकत नाही, म्हणून हिरवं तोडायचं, हिरवंच पोचवायचं आणि उतरल्यावर इथिलीन (फळं पिकवणारा वायू) देऊन पिकवायचं. सफरचंद शून्याच्या आसपास खुशाल राहतं, पण इथिलीन सोडतं, त्यामुळे त्याच्या शेजारी कच्ची राहायला हवीत अशी फळं ठेवत नाहीत. लांबच्या प्रवासात काही फळांना कंट्रोल्ड ॲटमॉस्फिअर लावतात, म्हणजे डब्यातला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून २ ते ५ टक्क्यांवर आणायचा, फळ सुस्तावतं आणि पिकणं लांबतं. असा डबा उघडल्या उघडल्या कुणी आत शिरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, कारण एवढ्या ऑक्सिजनवर माणूस काही कळायच्या आत कोसळतो.

या धंद्याची सुरुवात मांसापासून झाली. १८७६ मध्ये फ्रेंच इंजिनिअर शार्ल तेलिए याचं 'फ्रिगोरिफिक' जहाज थंड ठेवलेलं मांस घेऊन फ्रान्सहून अर्जेंटिनाला निघालं. पण जगाला पटलं ते 'डनेडिन'मुळे. हे शिडाचं जहाज फेब्रुवारी १८८२ मध्ये न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सहून सुमारे ५,००० गोठवलेली धडं (बहुतेक मेंढ्यांची) घेऊन निघालं आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचलं, टाकून द्यावं लागलं ते फक्त एक धड. मधल्या प्रवासात उष्ण पट्ट्यात थंड हवा सगळीकडे नीट पोचत नव्हती, तेव्हा कॅप्टन व्हिटसन स्वतः हवेच्या मुख्य मार्गात घुसून भोकं पाडायला गेला आणि थंडीने बधिर झाला, शेवटी पायांना दोर बांधून त्याला ओढून काढावं लागलं. म्हणजे तेव्हाही अडचण हवा फिरण्याचीच होती.

माझ्या मते माल जहाजावर असतो तेव्हाच सगळ्यात सुरक्षित असतो, वीज सलग असते आणि क्रू रोज रीडिंग घेतो. घोळ होतात ते जमिनीवर, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. ट्रेलरवरचा जेनसेट (वीज पुरवणारा जनरेटर) डिझेल संपून बंद पडला, यार्डात प्लग काढला तो परत लावलाच नाही, बुकिंगमध्ये मायनस १८ ऐवजी १८ टाइप झालं. फॅरनहाईट आणि सेल्सिअसची गल्लत तर जुनीच. फेब्रुवारी २०२० मध्ये कोविडमुळे ट्रकवाले मिळेनात, तेव्हा शांघाय आणि तियानजिनच्या पोर्टवर डबे साचून रीफरचे प्लगच कमी पडले आणि शिपिंग लाइन्सना डबे दुसरीकडे वळवावे लागले.

प्रत्येक युनिट तापमानाची नोंद ठेवतं, ती नंतर डाउनलोड करून बघता येते. आलेखात मधेच वर गेलेले छोटे टोक दिसले म्हणून लगेच घाबरू नये, युनिट ठरावीक वेळाने कॉइलवरचा बर्फ वितळवतं तेव्हा हवेचा आकडा थोडा वेळ चढतोच, मालाला त्याचा पत्ताही नसतो. टोक खाली न येता रेघ वरच राहिली तर मात्र काळजीचं. प्रत्येक फेरीआधी रिकाम्या डब्याची तपासणी होते, तिला पीटीआय म्हणतात. युनिटमध्ये गॅस भरतानाची हयगय काय करू शकते ते २०११ मध्ये दिसलं, नकली रेफ्रिजरंट (गारवा आणणारा गॅस) भरलेल्या काही युनिटचे स्फोट झाले आणि तीन कामगार गेले.

मायनस १८ हा आकडा आला कुठून, तर तो सरळ शून्य फॅरनहाईट आहे, मायनस १८ ला माल टिकतो आणि मायनस १७ ला नासतो असं काही नाही. २०२३ च्या शेवटी काही कंपन्यांनी एकत्र येऊन फ्रोजन माल मायनस १५ वर न्यावा अशी मोहीम सुरू केली, तीन डिग्रीत बरीच वीज वाचते हा त्यांचा मुद्दा, आणि तो मला पटतो. पण युरोपियन युनियनचा क्विक-फ्रोजन मालाचा नियम आजही मायनस १८ च मागतो, वाहतुकीत थोडा वेळ तीन डिग्रीपर्यंत सूट आहे तेवढीच, त्यामुळे नियम आणि खरेदीदारांचे करार बदलत नाहीत तोवर सेट पॉइंटला (युनिटवर लावलेल्या तापमानाला) कुणी हात लावणार नाही.