काढू का थांबू? कॅरेक्टरची ताकद मोजण्यामागची पार्श्वभूमी

"भाऊ, हिले काढू का थांबू?" दर्यापूर, आर्वी, पुसदकडच्या खेड्यांत गेन्शिन इम्पॅक्टसारखा गेम मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांमध्ये नवा बॅनर (ठरावीक दिवसांपुरती कॅरेक्टर काढायची सोडत) लागला की हा प्रश्न फिरू लागतो. बाहेरच्याला तो पोरखेळ वाटेल, पण त्यामागे महिन्यांची बचत असते. या गेममध्ये एका पुलला, म्हणजे एकदा नशीब आजमावायला, 160 प्रायमोजेम (गेममधलं चलन) लागतात आणि रोजची चार कामं केली की 60 मिळतात. फाइव्ह स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ कॅरेक्टर हमखास यायला जास्तीत जास्त 90 पुल, म्हणजे 14,400 प्रायमोजेम. नुसत्या रोजच्या कामांवर जमवायचे तर 240 दिवस. एवढं करूनही पहिल्या खेपेला आपल्याला हवं तेच कॅरेक्टर निघण्याची शक्यता साधारण निम्मीच. एक रुपयाही न टाकता खेळणाऱ्या पोराने चुकीचं कॅरेक्टर निवडलं, तर ती चूक त्याला वर्षभर पुरते.

सल्ला विचारला की बहुतेक वेळा टिअर लिस्ट, म्हणजे कॅरेक्टरची उतरंड, दाखवली जाते. वर एस, खाली ए, मग बी, आणि तळाशी ज्यांना कोणी विचारत नाही ते. ही यादी कुणाच्या टेबलावर, कोणत्या फोनवर, किती खर्च धरून बनली हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण कॅरेक्टर जोखण्याचा इतिहास पाहिला तर ताकद आणि कमजोरी एकट्या कॅरेक्टरमध्ये कधीच नव्हती. नियम बदलले, सोबती बदलले, खेळण्याचं साधन बदललं, की तेच कॅरेक्टर वर चढलं किंवा खाली आलं.

लढणाऱ्याची ताकद आकड्यात मांडायची सवय युद्धखेळांतून आली. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात राइसविट्स बापलेकांनी 'क्रीगस्पील' हा खेळ घडवला. मुलाने 1824 साली त्याला पक्के नियम दिले. त्यात तुकडीचं नुकसान फासे आणि तक्ते ठरवत. तिथे मोजली जायची ती तुकडी. एकेका माणसाला आकडे मिळायला 1974 साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला. शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप असे सहा गुण, प्रत्येकासाठी तीन फासे, म्हणजे 3 पासून 18 पर्यंतचा आकडा. किती मार खाऊन तगता येईल हे सांगणारे हिट पॉइंट वेगळे. आज फोनवर कॅरेक्टरचं पान उघडल्यावर एचपी (हेच हिट पॉइंट), अटॅक, डिफेन्स दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

त्या पहिल्या खेळातला जादूगार मला फार बोलका वाटतो. पहिल्या पातळीवर त्याला दिवसाला एकच मंत्र, अंगावर चिलखत नाही, एकदोन घाव बसले की संपला. पण वरच्या पातळीवर पोहोचला की तलवारवाले त्याच्यापुढे फिके पडत. मग तो मजबूत की कमजोर? ज्याचा डाव चार बैठकांत संपणार त्याला तो ओझं, ज्याचा वर्षभर चालणार त्याला सोनं. कॅरेक्टरवरचा हा पहिला मोठा वाद होता आणि त्याचं उत्तर खेळणाऱ्याच्या हातात किती वेळ आहे यावर अवलंबून होतं.

पुढे कॉम्प्युटरवर 1981 मध्ये 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले, जपानमध्ये 1986 ला 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि 1987 ला 'फायनल फँटसी'. हिशेब आता यंत्र करू लागलं, आणि खेळणारे आकडे बघून टोळी बांधू लागले. 1991 मध्ये 'स्ट्रीट फायटर 2' आला तेव्हा माणूस माणसाशी भिडू लागला. या दोघांत दहा सामने झाले तर कोण किती जिंकेल, असे कॅरेक्टरच्या जोड्यांचे तक्ते जपानी आर्केडमध्ये तयार होऊ लागले. आजच्या टिअर लिस्टचा एक धागा तिथून येतो. त्या तक्त्यात एक प्रामाणिकपणा होता, तो नंतरच्या याद्यांत हरवला: कोणाविरुद्ध, हे त्यात लिहिलेलं असे.

1996 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले गेम निघाले आणि हा हिशेब शाळकरी पोरांच्या हातात गेला. नियम बदलला की किंमत कशी बदलते, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण त्यातला ग्याराडोस. दिसायला अक्राळविक्राळ, अटॅकचा आकडा दणदणीत. पण पाण्याचे सगळे वार 'स्पेशल' गणले जात आणि 1999 च्या दुसऱ्या पिढीपासून तिथे त्याचा आकडा लंगडा. म्हणजे पाण्यातला प्राणी, आणि पाण्याचाच वार त्याला नीट करता येईना. 2006 च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये नियम फिरला. प्रत्येक वार अंगाने करायचा की लांबून, हे वारागणिक ठरू लागलं. वॉटरफॉल हा वार अंगाने करायचा ठरला आणि ग्याराडोसची ताकद पाण्याच्या वारात पहिल्यांदा कामी आली. प्राणी तोच होता.

मोबाइलवर या सगळ्याला पैशाची जोड मिळाली. जपानमध्ये यंत्रात नाणं टाकून कोणतं खेळणं निघेल याची वाट बघायची पद्धत जुनी होती. तीच गाचा म्हणून फोनवर आली. 2012 मध्ये 'पझल अँड ड्रॅगन्स' आला आणि प्रचंड चालला. त्याच वर्षी तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने 'कम्प्लीट गाचा' बेकायदा असल्याचं सांगितलं. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस, असा तो प्रकार होता. साधा गाचा मात्र राहिला. नशिबाने निघणाऱ्या कॅरेक्टरवर पैसे लागायला लागले की ते किती उपयोगाचं, हा प्रश्न रोजचा होतो. याद्या, हिशेब, व्हिडिओ यांचा पूर तिथून सुरू झाला.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि एकदम आलं. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातल्या पोरांच्या हातात गेम पोहोचले. आधी गोळीबाराचे. सप्टेंबर 2020 च्या सुरुवातीला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला गेन्शिन इम्पॅक्ट जगभर निघाला. गोळीबाराच्या गेममध्ये सगळे सारखेच सुरू होतात, हात ज्याचा चांगला तो जिंकतो. इथे पहिल्यांदाच आपल्या पोरांना कॅरेक्टरचं पान वाचावं लागलं: क्रिट रेट (जबर घाव बसण्याची शक्यता) किती, एनर्जी (खास वारासाठी लागणारी ऊर्जा) किती, चालतं कोणासोबत.

मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, जोखणारी माणसं घरोघर आहेत. तळेगाव दशासरच्या पटाला जाऊन आलेला म्हातारा नुसता एक बैल पाहून मत देत नाही. जोडीला कोण आहे, धुरकरी (जोडी हाकणारा) कोण, दाणीची (धावपट्टीची) माती भुसभुशीत आहे की टणक, हे विचारतो आणि मग बोलतो. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली, तरी ती नजर मधल्या काळात मोडली नाही. त्याच घरातला नातू फोनवर मात्र एकट्या कॅरेक्टरचं अक्षर पाहून निर्णय घेतो, याची मला मनापासून खंत वाटते.

गेन्शिनचा स्वतःचा इतिहास आजोबांच्या बाजूने बोलतो. बेनेट हा पहिल्या दिवसापासूनचा फोर स्टार, म्हणजे फाइव्ह स्टारच्या खालच्या दर्जाचा. तो जमिनीवर एक वर्तुळ आखतो. त्यात उभ्या असलेल्याचा एचपी 70 टक्क्यांपर्यंत भरत राहतो आणि त्याहून जास्त असेल तर त्याचा अटॅक वाढतो. एकट्याने लढवला तर साधाच. पण सोबत्याला तो जे देतो त्यामुळे वर्षानुवर्षं मोठमोठ्या टीममध्ये त्याची जागा पक्की राहिली. शियांगलिंग तर स्पायरल अबिस या मजल्यामजल्यांच्या आव्हानाचा तिसरा मजला पार केला की फुकट मिळते. तिचं अग्निचक्र ती मैदानाबाहेर गेल्यावरही फिरत राहतं. कमजोरी एवढीच की त्यासाठी 80 एनर्जी लागते, आणि ती भरून द्यायला बेनेट सोबत हवा. दोघांची जोडी वेगळी काढून मोजली तर दोघंही अर्धे.

त्याहून मोठी गोष्ट कोकोमी या पाण्याच्या तत्त्वाच्या फाइव्ह स्टारची. सप्टेंबर 2021 मध्ये ती आली तेव्हा लोकांनी तिच्या नावाने बोटं मोडली. तिचा क्रिट रेट 100 टक्क्यांनी कमी केलेला होता, म्हणजे जिच्यावर सगळा डॅमेजचा हिशेब उभा असतो ती गोष्टच तिच्याकडे नव्हती. बदल्यात उपचाराची ताकद 25 टक्के जास्त. यादीत ती तळाला गेली. नोव्हेंबरमध्ये उपचाराचंच डॅमेजमध्ये रूपांतर करणारा आर्टिफॅक्टचा (कॅरेक्टरला चढवायच्या साजाचा) संच आला. ऑगस्ट 2022 मध्ये डेंड्रो हे वनस्पतींचं तत्त्व आलं. पाणी आणि डेंड्रो मिळून जो ब्लूम नावाचा स्फोट होतो, त्याचा डॅमेज ठरवताना कॅरेक्टरची पातळी आणि एलिमेंटल मास्टरी (तत्त्वांच्या मिश्रणाचं बळ) पाहिली जाते, तिचा क्रिट रेट विचारातच येत नाही. ज्या कमजोरीवरून तिला हिणवलं होतं, ती त्या टीममध्ये मोजलीच जात नव्हती. सगळ्यांना वाचवणारी आणि सतत पाणी लावणारी म्हणून तिची किंमत तेव्हा लोकांना कळली.

आता आपल्या खेड्याचा हिशेब. भारतासाठी या गेमचा वेगळा सर्व्हर नाही. आशिया किंवा युरोप निवडावा लागतो, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) जास्तच. त्यात टॉवर लांब, फोन साधा, आणि अकोला-चंद्रपूरकडच्या एप्रिल-मेमध्ये फोन इतका तापतो की तो आपणहून वेग कमी करतो. अशा फोनवर हू ताओ ही अग्नीची कॅरेक्टर घ्या. तिचा एचपी निम्म्यावर किंवा खाली असेल तर अग्नीचा डॅमेज 33 टक्के वाढतो. यादीत हे बळ म्हणून येतं. पण तिची खरी कमाई मोठा वार करून लगेच उडी मारत तो मधेच तोडण्यात आहे, तेही अर्ध्या जिवावर. स्क्रीन अर्धा सेकंद अडकली की ती मेली. ज्याने ती यादी बनवली त्याचा कॉम्प्युटर अडकत नव्हता. कोकोमीचा जेलीफिश मात्र एकदा ठेवला की 12 सेकंद आपलं काम करतो, मधे फोन अडखळला तरी जीव भरत राहतो. आपल्याकडच्या पोराने कॅरेक्टर पाहताना म्हणूनच एक जास्तीचा प्रश्न विचारावा असं माझं ठाम मत आहे: माझ्या फोनवर, माझ्या नेटवर, याचं किती बळ शिल्लक राहतं?

2024 च्या मध्यात गेन्शिनमध्ये 'इमॅजिनॅरियम थिएटर' हा नवा खेळप्रकार आला आणि मोजमाप पुन्हा हललं. दर महिन्याला ठरावीक तत्त्वांचीच कॅरेक्टर चालतात, आणि तीही बरीच लागतात. एकच दणदणीत टीम बांधून बसलेले तिथे अडकतात. बाजूला टाकलेल्या फोर स्टारांना कामाला लावावं लागतं. पण त्यांना वाढवायला रेझिन (वेळेनुसार आपोआप भरणारं इंधन) लागतं. ते आठ मिनिटांना एक भरतं आणि 200 वर थांबतं, म्हणजे रिकामी टाकी भरायला 26 तास 40 मिनिटं. हे घड्याळ पैसेवाल्याचं आणि आपलं बरंचसं सारखं चालतं. म्हणून पुलसाठी जपलेले प्रायमोजेम हातात घेऊन बसलेल्या पोराला मी आधी त्याची जुनी कॅरेक्टर उघडायला सांगतो. कोणत्या तत्त्वाचं कोणीच वाढवलेलं नाही ते पाहायचं, आणि नव्या बॅनरचं पान त्यानंतर.