हवाईची गादी: १७९५ ते १८९८

१७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांनी होनोलुलूत सत्ता सोडली, तेव्हा आपण बंडखोरांपुढे नव्हे, तर अमेरिकेच्या वरचढ बळापुढे झुकत आहोत, असे त्यांनी लेखी नोंदवले. आदल्याच दिवशी ‘बोस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक शहरात उतरले होते. मात्र या राजघराण्याच्या पायाला तडा गेला होता तो बराच आधी, आणि तोही कागदोपत्री.

पहिल्या कामेहामेहाने १७९५ मध्ये न्युउआनूच्या लढाईत ओआहू बेट घेतले आणि १८१० मध्ये काउआईने त्याचे स्वामित्व मान्य केल्यावर सारी बेटे एका छत्राखाली आली. त्याचा मुलगा दुसरा कामेहामेहा आणि राणी कामामालू हे दोघेही १८२४ मध्ये लंडनला गेले असता गोवराने दगावले. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या अशाच रोगांनी पुढे प्रजेचीही दैना केली.

खरा घाव बसला तो १८४८ च्या ‘महेले’ने, म्हणजे जमिनीच्या वाटणीने. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याला आता दावा दाखल करून, मोजणी करून घेऊन तिच्यावर आपले नाव लावायचे होते. ही रीतच परकी असल्यामुळे सामान्य रयतेच्या वाट्याला एक टक्क्याहूनही कमी जमीन आली. १८५० पासून परदेशीयांना जमीन विकत घेता येऊ लागली आणि उसाचे मळे पसरले.

१८७२ मध्ये पाचवा कामेहामेहा वारस न नेमता वारला. त्यानंतर निवडून आलेला लुनालिलो जेमतेम वर्षभर टिकला, आणि १८७४ मध्ये गादी कालाकाउआकडे गेली. १८८१ च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेलेला राजा तो हाच. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाऊ लागली आणि मळेवाल्यांचे हात बळकट झाले. १८८७ मध्ये त्यांच्याच सशस्त्र गटाने राजाकडून नव्या राज्यघटनेवर सही करवून घेतली. तिने राजाचे अधिकार तर कापलेच, शिवाय मालमत्तेची अट घालून असंख्य हवाईवासीयांचा मताधिकारही हिरावला. हे अधिकार परत मिळवण्यासाठी त्याच्यानंतर गादीवर आलेली त्याची बहीण लिलिउओकलानी नवी घटना आणू पाहत होत्या आणि तेच निमित्त करून त्यांना पदच्युत करण्यात आले.

राणींच्या समर्थकांच्या १८९५ च्या फसलेल्या उठावानंतर राणींना त्यांच्याच इओलानी राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत कैदेत ठेवले गेले. तिथे त्यांनी रेशमी तुकडे जोडून गोधडी शिवली. ती आजही त्या राजवाड्यात आहे. १८९७ मध्ये अमेरिकेतील विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर एकवीस हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये विलीनीकरणाच्या तहाला पुरेशी मते मिळाली नाहीत. तेव्हा दोन तृतीयांश मतांची गरजच उरू नये म्हणून अमेरिकेने साध्या बहुमताने संमत होणाऱ्या संयुक्त ठरावाचा मार्ग धरला. १२ ऑगस्ट १८९८ रोजी राजवाड्यावरचा हवाईचा झेंडा उतरवला गेला, त्या समारंभाला राणी गेल्या नाहीत.