चादरीचे कोपरे आणि फाशावरचा सहा

६० इंच रुंद आणि ९० इंच लांब अशी एक सोलापुरी चादर समोर पसरली आहे, असं धरा. चारही बाजूंनी ५ इंचांचा काठ. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या चादरीचा काठ नक्षीप्रमाणे कमी-जास्त असतो, पण गणितापुरता सगळीकडे सारखाच मानू. या काठाचं क्षेत्रफळ किती?

दहावीतली पुष्कळ मुलं लगेच पट्ट्या मोजायला घेतात. लांब पट्ट्या दोन, ९० × ५ च्या, त्यांचे ९००. आडव्या दोन, ६० × ५ च्या, त्यांचे ६००. एकूण १५०० चौरस इंच. उत्तर चुकलं, आणि तेही बरोबर १०० नं. ५ × ५ चा प्रत्येक कोपरा उभ्या पट्टीतही धरला गेला आणि आडव्या पट्टीतही. असे चार कोपरे, प्रत्येकी २५, म्हणून १०० जास्त. सरळ वाट अशी की काठ मोजूच नये. अख्खी चादर ५४००, मधला भाग ८० × ५० म्हणजे ४०००, उरले १४००.

आता चादर घडी घालून ठेवा आणि फासे घ्या. दोन फासे एकदम टाकले, तर किमान एकावर ६ येण्याची संभाव्यता किती? बहुतेकांच्या तोंडी येतं ते उत्तर असं: एकाची १/६, दुसऱ्याची १/६, बेरीज १/३, म्हणजेच १२/३६. हीसुद्धा कोपऱ्याचीच चूक आहे. वहीत ६ ओळी आणि ६ स्तंभ आखा. ओळ पहिल्या फाशाची, स्तंभ दुसऱ्याचा. ३६ घरं झाली. पुस्तकातला ‘नमुना अवकाश’, म्हणजे सगळ्या शक्यतांचा संच, तो हाच. सहाच्या ओळीत ६ घरं, सहाच्या स्तंभात ६ घरं, पण (६, ६) हे कोपऱ्यातलं घर दोन्हीकडे आहे. चादरीला काठ चारी बाजूंनी होता, इथे दोनच बाजूंना आहे, म्हणून दुबार मोजलेला कोपराही एकच. खरं उत्तर ११/३६.

इथेही उरलेलं मोजणं सोपं पडतं. एकाही फाशावर ६ नाही अशी घरं ५ × ५ = २५. मग ३६ − २५ = ११. गणितात ‘किमान एक’ हे शब्द दिसले की आधी ‘एकही नाही’ मोजून बघावं, बहुतेकदा काम हलकं होतं. आणि संभाव्यतेची सूत्रं पाठ करण्याआधी ही ३६ घरं एकदा हातानं काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा मिनिटं जातात, पण त्यानंतर सूत्र विसरलं तरी अडत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित भाग १ मध्ये, भूमिती भाग २ मध्ये; पुस्तकं वेगळी, पेपरही वेगळे. संभाव्यता भाग १ मध्ये येते, आणि तिचं हे चित्र मात्र भूमितीचं! त्यातच बीजगणितही बसलेलं आहे. ६² − ५² म्हणजे (६ + ५)(६ − ५), म्हणजे ११. अ² − ब² चे अवयव पाडताना आपण हाच काठ मोजत असतो.

हेच पुढे नेता येतं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेवालिये द मेरे नावाच्या जुगाराच्या शौकिनानं गणितज्ञ पास्कलला फाशांबद्दलचे प्रश्न विचारले. १६५४ मध्ये पास्कल आणि दुसरा गणितज्ञ फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेच्या शास्त्राची सुरुवात तिथून मानली जाते. त्यातला एक प्रश्न असा: एक फासा चारदा टाकला, तर किमान एकदा ६ येईल अशी पैज घ्यावी का?

एकूण शक्यता ६⁴ = १२९६. एकदाही ६ नाही अशा ५⁴ = ६२५. वजाबाकीही करायला नको: ६⁴ − ५⁴ = (३६ − २५)(३६ + २५) = ११ × ६१ = ६७१. १२९६ पैकी ६७१, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त, सुमारे ५१.८ टक्के. पैज घ्यायला हरकत नाही. पण दोन फासे २४ वेळा टाकून किमान एकदा जोडीनं सहा-सहा येतील, या पैजेत तीच रीत वापरली तर उत्तर ४९.१ टक्के येतं. तिथे दीर्घकाळ खेळणाऱ्याचा खिसा रिकामा होतो.