वय, संप्रेरके आणि स्मृती : एका संशोधनाची पार्श्वभूमी

सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घ्यायला आलेला शेतकरी आधी त्याचे तोंड उघडून दातांवरून वय पाहतो. जनावर आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेले, हे कळल्याशिवाय भावाची बोलणी पुढे सरकत नाहीत. खोंड बडवला, म्हणजे त्याचे वृषण निकामी केले, की शांत होऊन कामाला लागतो, पण फार उशिरा बडवला तर वळूची रग पुरती जात नाही, हेही सोलापूर जिल्ह्यातील जनावरे सांभाळणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शरीरातील एक स्राव, म्हणजे संप्रेरक (हार्मोन), थांबला की स्वभाव बदलतो आणि तो किती बदलेल हे वयावर अवलंबून असते, अशी ही दोन निरीक्षणे आहेत. पहिल्याचा प्रयोगसिद्ध पुरावा एकोणिसाव्या शतकात मिळाला. म्हाताऱ्या मेंदूच्या बाबतीत दुसऱ्याचे महत्त्व कळायला मात्र विसावे शतक संपावे लागले.

1849 साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे अर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण काढले आणि काहींच्या पोटात ते पुन्हा बसवले. वृषणाचा मूळ चेतातंतूंशी संबंध तुटलेला असूनही या कोंबड्यांचा तुरा, आरवणे आणि भांडखोरपणा टिकून राहिला. म्हणजे वृषणाचा प्रभाव रक्तावाटे पोहोचत असला पाहिजे. चाळीस वर्षांनी, 1889 मध्ये, पॅरिसमध्ये 72 वर्षांच्या ब्राउन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि शक्ती व बुद्धी परत आल्याचे जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात संप्रेरक नाममात्रच असणार, तेव्हा तो परिणाम मनाच्या समजुतीचा होता असेच आज मानले जाते. तरीही वार्धक्य म्हणजे स्रावाची तूट आणि ती भरून काढली की तारुण्य परत येते, ही कल्पना त्या दिवसापासून रुजली, आणि माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांतील बऱ्याच चुकीच्या अपेक्षांचे मूळ तिच्यातच आहे.

संप्रेरकांचा स्मृतीशी थेट संबंध जोडला गेला तो 1968 मध्ये. रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकइवन आणि सहकाऱ्यांनी कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक किरणोत्सारी करून उंदरांना टोचले, तेव्हा ते हिप्पोकॅम्पसमध्ये विशेष साठलेले आढळले. नव्या आठवणी घडण्यासाठी मेंदूचा हाच भाग लागतो, हे 1957 पासून माहीत होते. ताणाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारे संप्रेरक स्मृतीच्या जागेवर उतरते, हे कळल्यावर वार्धक्याचा प्रश्न ओघानेच पुढे आला. फिलिप लँडफिल्ड यांनी 1978 मध्ये म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील बदल या संप्रेरकाच्या पातळीशी जोडून दाखवले. 1986 मध्ये सॅपोल्स्की, क्रे आणि मॅकइवन यांनी हे संप्रेरक हिप्पोकॅम्पसची हानी करते, हानी झालेला हिप्पोकॅम्पस संप्रेरकाला आवर घालू शकत नाही आणि म्हणून ते आणखी वाढते, असे दुष्टचक्र मांडले. 1988 मध्ये मायकेल मीनी यांच्या गटाने, जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे रोज 15 मिनिटे हाताळलेल्या उंदराच्या पिल्लांची स्मृती म्हातारपणी अधिक शाबूत राहते, असे दाखवले.

या मांडणीत म्हातारपणी चेतापेशी मरतात हे गृहीत होते. 1996 मध्ये रॅप आणि गॅलघर यांनी काटेकोर मोजणी केली, तेव्हा वाट विसरणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्येही चेतापेशी तरुणांइतक्याच भरल्या. मग बिघाड पेशींच्या जोडण्यांमध्ये शोधावा लागणार होता.

जोडण्या किती चंचल असतात याचा सर्वांत बोलका पुरावा तोवर हाती आला होता. चांदीच्या क्षाराने मोजक्याच पेशी काळ्या करणारी गॉल्जीची जुनी पद्धत वापरली, की पिवळसर पार्श्वभूमीवर पेशीची एकेक शाखा उठून दिसते आणि तिच्यावर फांदीला फुटलेल्या बारीक कोंबांसारखे उंचवटे मोजता येतात. याच उंचवट्यांवर चेतासंधी, म्हणजे पेशींना जोडणारे सांधे, असतात. 1990 मध्ये कॅथरीन वुली, एलिझाबेथ गुल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदीर माद्यांच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात ते मोजले, तर इस्ट्रोजेन या अंडाशयातील संप्रेरकाच्या चढ-उतारासोबत त्यांची दाटी सुमारे 30 टक्क्यांनी बदलत होती. पूर्ण वाढलेल्या मेंदूची बांधणी एका आठवड्याच्या आत बदलते, हे तेव्हा अनेकांना खरे वाटले नाही.

नव्या पेशींची कथा समांतर चालली होती. ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी 1965 मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही चेतापेशी तयार होतात असे दाखवले, पण ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. म्हातारपणी ही निर्मिती फार घटते. मात्र 1999 मध्ये कॅमेरॉन आणि मॅके यांनी म्हाताऱ्या उंदरांतील अधिवृक्क संप्रेरकाची पातळी उतरवली आणि पेशींची निर्मिती पुन्हा वाढली. क्षमता संपलेली नव्हती, दाबलेली होती.

एवढ्या पुराव्यानंतर रजोनिवृत्त स्त्रियांना संप्रेरके दिली तर स्मृती वाचेल, ही आशा स्वाभाविक होती. 2003 मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, 65 वर्षांवरील 4,532 स्त्रियांमध्ये, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरे एक स्त्री-संप्रेरक) घेणाऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट निघाला. याचा एक सुगावा उंदरांनी आधीच दिला होता. 2000 मध्ये रॉबर्ट गिब्ज यांनी अंडाशय काढलेल्या माद्यांना इस्ट्रोजेन लगेच किंवा तीन महिन्यांत दिले तेव्हा शिकण्यात फायदा दिसला. 10 महिने उशीर झाल्यावर तो दिसला नाही. औषध तेच होते, पण ते घेणारा मेंदू बदललेला होता.

यातून उपचाराच्या योग्य काळाची कल्पना पुढे आली आणि तिच्यावर आजही वाद आहे. या विषयाचे प्रयोग वाचताना आमच्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट आवर्जून तपासायला सांगतो : प्राणी खरोखर म्हातारा होता, की अंडाशय काढलेला तरुण? मादी उंदराला स्त्रीसारखी रजोनिवृत्ती येत नाही. तिचे चक्र मध्यम वयात अनियमित होते आणि पुढे बराच काळ ती इस्ट्रोजेन स्रवणाऱ्या एकाच अवस्थेत अडकून राहते. अंडाशय काढलेल्या तरुण मादीत ही अवस्था येतच नाही, आणि तरीही वार्धक्याबद्दलची कितीतरी विधाने तिच्यावरच्या प्रयोगांतून आलेली आहेत.